अनध्यायाचे सहा महिने

बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, निकाल मे महिन्याच्या सुमारास लागतो आणि प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळा सरत आला तरी चालू राहतात. त्यात एखादी फेरी हुकली, मनाजोगी शाखा मिळाली नाही किंवा घरातील आजारपण, स्थलांतर, पैशाची चणचण अशा कारणाने नाव घालायचे राहिले, तर विद्यार्थ्याच्या आयुष्यात पाच-सहा महिन्यांचा असा काळ येतो की ज्यात तो शाळेचाही उरलेला नसतो आणि महाविद्यालयाचाही झालेला नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ मध्ये तयारी असलेल्या संस्थांना वर्षातून दोनदा, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये आणि जानेवारी-फेब्रुवारीमध्ये, प्रवेश देण्याची मुभा जाहीर केल्यापासून या काळाला एका सत्राएवढी नेमकी लांबी मिळण्याची शक्यताही निर्माण झाली आहे. या सत्राचे करायचे काय, याला घरोघरी दोन ठराविक उत्तरे मिळतात. संगणकाचा एखादा कोर्स, इंग्रजी संभाषणाचा वर्ग, गाडी चालवण्याचा परवाना असे काहीतरी पदरात पाडून घ्यावे, हे एक; दोन वर्षे घासलीस, आता जरा स्वस्थ बस, हे दुसरे. ही उत्तरे परस्परविरोधी वाटली तरी दोन्हींच्या मुळाशी एकच गृहीत असते, ते असे की शिक्षण आता थांबलेले आहे आणि थांबलेला काळ शिक्षणाच्या हद्दीबाहेरचा आहे. तपासून पाहावे असे हे गृहीतच आहे. कारण शिकण्यातला विराम हा शिकण्याचा घटक मानायचा की त्याचा अभाव, हा प्रश्न भारतातील धर्मपरंपरांनी फार पूर्वी आणि आश्चर्य वाटावे इतक्या बारकाईने हाताळलेला आहे.

धर्मशास्त्रात वेदाध्ययनाचे वर्ष बारमाही नव्हते. श्रावण महिन्यात, मनुस्मृतीप्रमाणे श्रावणी किंवा भाद्रपदी पौर्णिमेला, 'उपाकर्म' नावाचा विधी करून अध्ययनाचा आरंभ होई, साडेचार महिने ते अखंड चाले आणि मग पौषात किंवा माघाच्या शुक्ल प्रतिपदेला गावाबाहेर जाऊन 'उत्सर्जन' होई, म्हणजे घेतलेल्या वेदाचे अध्ययन विधिपूर्वक सोडून दिले जाई. श्रावणीला जानवे बदलण्याचा जो प्रघात आजही महाराष्ट्रातील काही घरांत टिकून आहे, तो याच जुन्या सत्रारंभाचा अवशेष होय, जरी त्यातला अध्ययनाचा भाग बहुतेक ठिकाणी गळून गेला असला तरी. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की अध्ययन सोडण्यालाही आरंभाइतकाच विधी होता. ते आपोआप सुटत नसे, ते सोडले जाई. पुढच्या महिन्यांसाठीही मनूने व्यवस्था सांगितली आहे: शुक्ल पक्षात वेद म्हणावा आणि कृष्ण पक्षात वेदांगे, म्हणजे उच्चारशास्त्र, कल्प, व्याकरण, निरुक्त, छंद व ज्योतिष ही सहा साहाय्यक शास्त्रे, अभ्यासावीत. म्हणजे नवे पाठ घेण्याचे सत्र संपल्यावर जे उरे ते पाठ मुरवण्याचे व त्याच्या आजूबाजूचे समजून घेण्याचे दुसरे सत्र असे, आणि त्याची लय पहिल्यापेक्षा संथ, चंद्राच्या कलांवर चालणारी असे.

या मोठ्या विरामाशिवाय 'अनध्याय', म्हणजे ज्या दिवशी वा ज्या वेळी वेद म्हणावयाचा नाही असे प्रसंग, यांची सूत्रग्रंथांनी आणि स्मृतींनी दिलेली यादी इतकी लांब आहे की भारतरत्न पां. वा. काणे यांना धर्मशास्त्राच्या इतिहासात त्यासाठी स्वतंत्र विवेचन करावे लागले. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या, पौर्णिमा हे ठरलेले अनध्याय. त्यांखेरीज मेघगर्जना, धुळीचे वादळ, भूकंप, ग्रहण, घरी आलेला शिष्ट अतिथी, गावात झालेला मृत्यू, कोल्ह्या-कुत्र्यांचे ओरडणे, गाढवाचे रेकणे हे प्रासंगिक. आजच्या वाचकाला यात सुट्ट्यांची सोय दिसेल, आणि कंटाळलेल्या शिष्यांना ती तशी वाटलीही असेल. परंतु यादीमागे एक विचार आहे. जे ज्ञान केवळ कानाने घ्यायचे आणि कंठाने धरायचे, त्याला शांतता, शुद्ध स्थळ आणि एकाग्र चित्त लागते. आजूबाजूच्या जगात काही असाधारण घडत असताना पाठ रेटणे म्हणजे पाठाचाही अवमान आणि जगाचाही. शेजारी प्रेत असताना किंवा दारी पाहुणा उभा असताना आपले घोकणे चालू ठेवणारा विद्यार्थी या शास्त्राला मेहनती वाटत नाही, असंस्कृत वाटतो.

मात्र याच परंपरेत या यादीला छेद देणारा दुसरा विचारही आहे, आणि प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा आहे. गुरूकडून नवा पाठ घेणे वेगळे आणि 'ब्रह्मयज्ञ', म्हणजे घेतलेल्या पाठातले थोडेफार रोज स्वतःशी म्हणणे, ज्याला स्वाध्यायही म्हणतात, ते वेगळे, असा भेद ब्राह्मणग्रंथांपासून केलेला आढळतो. तैत्तिरीय आरण्यकाच्या मते ब्रह्मयज्ञाला दोनच अनध्याय आहेत, एक म्हणजे म्हणणारा अशुद्ध असणे आणि दुसरा म्हणजे जागा अशुद्ध असणे. शतपथ ब्राह्मण तर त्याही पुढे जाऊन असे सुचवते की वारा सुटणे, वीज चमकणे, मेघ गरजणे हे या यज्ञातले वषट्कार, म्हणजे आहुती देताना उच्चारावयाचे घोषच आहेत, तेव्हा त्यांच्या साक्षीने पठण व्हावे. जी गर्जना गुरुकुलाचा वर्ग बंद पाडते तीच स्वाध्यायात सामील होते. मनुस्मृतीनेही नित्य स्वाध्यायाला, वेदांगांना आणि होमातील मंत्रांना अनध्यायाचा निर्बंध नाही असे स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे विरामाचा प्रश्न येथे दोन पातळ्यांवर विभागला जातो: शिकवणारा आणि त्याचे वेळापत्रक जेथे आहे तेथे खंड पडू शकतो, पडावाही, पण शिकणाऱ्याचा स्वतःशी जो व्यवहार आहे त्याला बाहेरून खंड पाडता येत नाही, आणि तो व्यवहार मुळात नसेलच तर अखंड चालणारा वर्गही त्याला निर्माण करू शकत नाही.

पतंजलीच्या महाभाष्याच्या पहिल्या आह्निकात विद्या चार प्रकारांनी उपयोगात येते असे म्हटले आहे: ती मिळवण्याच्या काळी, ती स्वतःशी घोळवण्याच्या काळी, ती दुसऱ्याला सांगण्याच्या काळी आणि ती व्यवहारात आणण्याच्या काळी. सध्याच्या शालेय व्यवस्थेत यांतल्या पहिल्या काळाचेच मोजमाप होते. उरलेले तीन काळ वेळापत्रकात बसत नाहीत म्हणून ते नसल्यासारखेच असतात. बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्याने पुष्कळ मिळवलेले असते, पण ते घोळवायला, कोणाला तरी समजावून सांगायला आणि कशाला तरी लावून पाहायला त्याला अवधी मिळालेला नसतो. प्रवेशापूर्वीच्या सहा महिन्यांत आणखी एक प्रमाणपत्र मिळवणे म्हणजे पहिलाच काळ लांबवणे. वैद्यकीय प्रवेशासाठी 'ड्रॉप' घेऊन तोच अभ्यासक्रम त्याच क्लासमध्ये पुन्हा करणाऱ्याच्या बाबतीत तर हे उघडच आहे. त्याच्या निर्णयात काही गैर नसेल, परंतु त्याला विराम म्हणता येणार नाही, कारण त्याच्या दिवसावरची सत्ता दुसऱ्याच्याच हातात राहिलेली असते.

विरामाला आकार कसा येतो, याचे दुसरे उदाहरण बौद्ध 'वर्षावासा'चे. बौद्ध भिक्षू मूळचे फिरते. परंतु विनयपिटकातील महावग्गात सांगितल्याप्रमाणे, हे लोक पावसातही हिंडून कोवळे गवत तुडवतात आणि बारीकसारीक जीव मारतात अशी लोकांची तक्रार आल्यावर बुद्धांनी भिक्षूंना पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. नियमाला सवलती होत्या: आजारी भिक्षू, आई-वडील अशांसाठी सात दिवसांच्या आत परतण्याच्या बोलीवर बाहेर जाता येई. अखेरीस 'प्रवारणा' होई, तीत प्रत्येक भिक्षू संघापुढे हात जोडून उकिडवा बसून, माझ्या वागण्यात काही दोष कोणी पाहिला, ऐकला किंवा त्याची शंका आली असेल तर सांगावे, अशी विनंती करी. आणि सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट ही की भिक्षूची ज्येष्ठता त्याने किती प्रदेश पालथा घातला यावर मोजली जात नसे, त्याने किती वर्षावास केले यावर मोजली जाई. जो काळ प्रवासाच्या दृष्टीने वाया गेलेला, तोच वयाचे परिमाण ठरला.

हा थांबा कोणाच्या जिवावर चाले, याचा लेखी पुरावा महाराष्ट्रातच आहे. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या प्राकृत कोरीव लेखात, त्याने लेण्यात वर्षावास करणाऱ्या भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या चांदीच्या नाण्यांची, कायम ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवल्याची नोंद आहे. त्यांतले दोन हजार दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण या व्याजाने होते. मुद्दल परत द्यायचे नव्हते, फक्त व्याज वापरायचे होते, आणि दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, मिळायचे होते. हिशेब तंतोतंत जुळतो: दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा तेवढेच. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील हा लेख सहसा बँकव्यवहाराच्या इतिहासासाठी उद्धृत केला जातो. पण त्यात एका दार्शनिक सत्याचीही नोंद आहे, ती अशी की ध्यानासाठी बसलेल्या वीस माणसांच्या स्वस्थतेमागे मागावर बसलेली कितीतरी माणसे होती आणि त्या श्रमाचा आकडा दगडावर कोरून ठेवण्याइतकी प्रांजळता दात्यात होती. ज्याला सहा महिने मोकळे मिळाले आहेत त्याने आपले हे गोवर्धनचे विणकर कोण, हे आधी ओळखलेले बरे.

महाराष्ट्राच्या गृहस्थी धर्मजीवनात वर्षावासाचे आणि जैन साधूंच्या चातुर्मासाचे नाते सांगणारी गोष्ट म्हणजे आषाढी ते कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चार महिन्यांत धरलेला 'नेम'. कोणी कांदा-वांगे सोडते, कोणी एकवेळ जेवते, कोणी रोज पोथीचा एक अध्याय वाचते. नेमाची घटना नीट पाहिली तर तीत चार अंगे दिसतात: आरंभी उघड केलेला संकल्प, ठरलेली मुदत, रोज पाळता येईल इतका लहान नियम आणि अखेरचे उद्यापन, म्हणजे व्रताची विधिपूर्वक सांगता. यांतले लहानपण विशेष महत्त्वाचे आहे. सहा महिन्यांत फ्रेंच शिकेन, वजन उतरवीन, पन्नास पुस्तके वाचीन अशा याद्या दुसऱ्या आठवड्यात कोसळतात, याचे कारण त्या फळाच्या भाषेत लिहिलेल्या असतात; नेम कृतीच्या भाषेत असतो आणि त्याचे फळ काय, हे धरणाऱ्याला आधी माहीत असण्याची गरजही नसते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कोणीही क्षणभरसुद्धा कर्म केल्यावाचून राहू शकत नाही असे म्हटले आहे आणि चौथ्यात कर्मात अकर्म व अकर्मात कर्म पाहणाऱ्याला बुद्धिमान म्हटले आहे. ही दोन विधाने एकत्र ठेवली तर निष्कर्ष असा निघतो की 'काहीच न करणे' हा पर्याय माणसाला उपलब्धच नाही, उपलब्ध आहे ती एवढीच निवड की जे घडते आहे त्याचा कर्ता आपण व्हायचे की मोबाइलच्या पडद्यावर पुढचे पुढचे दाखवत राहणाऱ्या यंत्रणेला होऊ द्यायचे. रिकाम्या वेळाचा सदुपयोग हा त्यामुळे वेळेच्या प्रमाणाचा प्रश्न उरत नाही. त्या वेळेवर कोणाचा नियम चालतो, हा खरा प्रश्न आहे.

या विचाराचे आधुनिक महाराष्ट्रातले स्वच्छ उदाहरण विनोबा भावे यांचे आहे. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा सुरतेला गाडीतून उतरून काशीला गेले आणि त्याच वर्षी ७ जूनला अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात गांधीजींना भेटले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे आणि बंडखोरीची म्हणून ती पुन्हा पुन्हा सांगितलीही जाते. परंतु तिच्यापेक्षा तिच्यानंतरची गोष्ट येथे अधिक उपयोगी आहे. १९१७ मध्ये त्यांनी प्रकृतीसाठी आणि संस्कृतच्या अभ्यासासाठी आश्रमातून एका वर्षाची रजा घेतली आणि ते वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्या प्राज्ञपाठशाळेत राहिले. रजेच्या अखेरीस, फेब्रुवारी १९१८ मध्ये, त्यांनी गांधीजींना लिहिलेल्या पत्रात त्या वर्षाचा हिशेब आहे: उपनिषदे, गीता, शांकरभाष्यासह ब्रह्मसूत्रे, मनुस्मृती, योगदर्शन यांचे अध्ययन, काही विद्यार्थ्यांना गीता, ज्ञानेश्वरी शिकवणे, विद्यार्थ्यांचे मंडळ काढून वाचनालयासाठी धान्य दळून पैसे उभे करणे, शेकडो मैलांची पायी भटकंती, त्यात किल्ले पाहणे आणि गावोगाव प्रवचने, आहाराचे प्रयोग, आणि आश्रमाची व्रते कितपत पाळली गेली याची नोंद. पतंजलीचे चारही काळ, मिळवणे, घोळवणे, सांगणे आणि वापरणे, या एका वर्षात एकवटलेले दिसतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे जाते ओढणे आणि ब्रह्मसूत्रे वाचणे ही दोन्ही कामे त्या पत्रात एकाच पंक्तीला बसलेली आहेत. वर्ष संपताच, ठरल्या दिवशी, ते आश्रमात हजर झाले. तो हिशेब त्यांच्याकडे कोणी मागितला नव्हता.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. हिशेबच द्यायचा असेल तर तो विराम कसला, असे विचारता येईल. ॲरिस्टॉटलने पुढच्या कामासाठी घेतलेली विश्रांती आणि स्वतःच साध्य असलेला निवांतपणा यांत जो फरक केला, त्याच्या आधारे असेही म्हणता येईल की ज्याचा जमाखर्च ठेवला जातो ते अवकाशाचे केवळ सोंग आहे. आक्षेप वजनदार आहे, पण त्याचे उत्तर हिशेब कोणापुढे आणि कशाचा, यात आहे. खंड पडलेल्या विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी जे 'गॅप'चे प्रतिज्ञापत्र मागितले जाते, त्यात मधल्या काळात दुसरीकडे प्रवेश घेतला नव्हता एवढे शपथेवर सांगायचे असते. तो संशयिताने दिलेला खुलासा असतो. नोकरीच्या अर्जात या काळाचे जे वर्णन पुढे केले जाते ती जाहिरात असते. प्रवारणेतला आणि विनोबांच्या पत्रातला हिशेब या दोन्हींहून निराळ्या जातीचा आहे, कारण तो अशा माणसांपुढे मांडलेला आहे की ज्यांचा मान आपण स्वेच्छेने राखतो, आणि त्यात दोष सांगण्याची मुभा समोरच्याला दिलेली आहे. असा हिशेब निवांतपणाच्या आड येत नाही. उलट, त्याच्यावाचून निवांतपणाचे आळसात रूपांतर झाले तरी ते कळायला मार्ग उरत नाही. ॲरिस्टॉटलच्या निवांतपणामागेही गुलामांचे श्रम होते आणि त्यांचा हिशेब त्याने ठेवला नाही, हे या संदर्भात नमूद करावयास हवे.

परंपरेचा आधार घेताना तिची बाजू जेथे लंगडी पडते तेही सांगितले पाहिजे. उपाकर्म, उत्सर्जन, अनध्याय ही सारी व्यवस्था त्रैवर्णिक पुरुषांपुरती होती. स्त्रिया आणि शूद्र यांना अध्ययनच नव्हते, तेव्हा त्यांना अनध्यायही नव्हता, होते ते फक्त अखंड काम. हा भेद ग्रंथांतून उठला तरी घरांतून पुरता उठलेला नाही. बारावीनंतर मुलगा सहा महिने घरी राहिला तर तो 'तयारी करतो आहे' असे पाहुण्यांना सांगितले जाते आणि मुलगी राहिली तर तिच्या वाट्याला स्वयंपाकघर, धाकट्या भावंडांचा अभ्यास आणि आजीची पथ्ये येतात, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच महिन्यांत स्थळेही येऊ लागतात. मजुरीवर जगणाऱ्या घरातल्या मुलाला तर हा काळ संकल्पासाठी मिळतच नाही. तो सरळ एखाद्या गोदामात, दुकानात किंवा ऊसतोडीला जातो. अशा मुलाला नेमाचे महत्त्व पटवणे हा उद्धटपणा होईल. त्याला उपदेशाची गरज नाही, त्याला उषवदाताच्या ठेवीसारख्या कायम व्याजाची गरज आहे, आणि आजच्या काळात ते व्याज शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि गावातले चालू असलेले वाचनालय या रूपात द्यावे लागेल.

ज्या घराला आपल्या मुलाचा सहा महिन्यांचा विराम परवडतो, त्याने तेवढाच आणि तसाच विराम मुलीलाही द्यावा, तिच्या नेमाची वेळ ठरली की त्या वेळी तिला स्वयंपाकघरातून हाक मारू नये, आणि सहा महिने संपल्यावर दोघांकडून प्रमाणपत्र न मागता काय केले, काय जमले नाही, एवढे बसून ऐकून घ्यावे.